पेरितुस: पाण्यात उतरलेला जाणता



दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेविषयी काहीही वाचायला घेतले की एक लॅटिन शब्द वारंवार भेटतो: 'पेरितुस'. अनेकवचन 'पेरिती'. परिषदेला जमलेल्या बिशपांना सल्ला देण्यासाठी ईशज्ञानाचे, धर्मनियमांचे, इतिहासाचे जे अभ्यासक रोमला होते, त्यांचे हे नाव. मराठीत आपण त्याचे भाषांतर 'तज्ज्ञ' असे करतो आणि पुढच्या ओळीकडे वळतो. आज आम्हाला या शब्दापाशी थोडे थांबायचे आहे. एक तर हा शब्द वाटतो त्यापेक्षा जुना आणि खोल आहे. दुसरे म्हणजे परिषदेच्या पेरितींपैकी एक जण आपल्या पुण्याचे होते, आणि आपल्या मराठी मंडळींत ही गोष्ट फारशी बोलली जात नाही.

आधी शब्दाकडे पाहू. 'तज्ज्ञ' म्हणजे तत् अधिक ज्ञ, 'ते' जाणणारा. इथे सगळा भर जाणण्यावर आहे. माणसाने ते कुठे जाणले, पुस्तकात की शेतात, हे शब्द सांगत नाही. पेरितुसचे तसे नाही. लॅटिनमध्ये 'एक्सपेरिओर' असे एक क्रियापद आहे, त्याचा अर्थ करून पाहणे, अजमावणे. 'पेरितुस' त्याच्याच घरातला. आपण रोज वापरतो ते एक्स्पर्ट, एक्स्पीरियन्स, एक्स्पेरिमेंट हे इंग्रजी शब्दही त्याच घरातले. आणि त्या घरात आणखी एक भावंड आहे, 'पेरिकुलुम'. त्याचा मूळ अर्थ कसोटी, आणि नंतरचा अर्थ धोका, संकट. म्हणजे पेरितुस हा नुसता वाचून शहाणा झालेला माणूस नव्हे. तो कसोटीतून गेलेला, टक्केटोणपे खाल्लेला, चार पावसाळे जास्त पाहिलेला. मराठीत त्याच्या सर्वांत जवळचा शब्द आम्हाला 'पारंगत' वाटतो. पारंगत म्हणजे पार गेलेला, पलीकडच्या काठाला पोचलेला. त्यासाठी आधी पाण्यात उतरावे लागते.

लॅटिन व्याकरणाची एक गंमत इथेच सांगायला हवी. या शब्दाबरोबर 'कशाचा' हे षष्ठी विभक्तीत जोडून येते. समुद्राचा पेरितुस, युद्धाचा पेरितुस, कायद्याचा पेरितुस. नुसते 'पेरितुस' म्हटले की ऐकणारा विचारणारच, कशाचा? सगळ्या विषयांचा पेरितुस अशी व्यक्ती त्या भाषेला फारशी सुचत नाही. आपल्या मोबाइलवर मात्र ती रोज सकाळी चहाच्या आधी हजर असते!

रोमन लोकांत थोरला काटो नावाचा एक करडा, जुन्या वळणाचा राजकारणी होऊन गेला. वक्ता कोणाला म्हणावे हे आपल्या मुलाला सांगताना त्याने जी व्याख्या केली, तिच्यात हा शब्द आहे. त्याच्या मते वक्ता म्हणजे भला माणूस, जो बोलण्यात पेरितुस आहे. आधी भला, मग निष्णात. पुढे क्विंतिलियान या वक्तृत्वशास्त्राच्या शिक्षकाने हीच व्याख्या उचलून धरली आणि तिच्यातल्या शब्दांच्या क्रमावर भर दिला. काटो ख्रिस्तापूर्वीचा, मूर्तिपूजक रोमचा माणूस. तरीही ज्ञान आणि चारित्र्य यांची फारकत त्याला चालत नव्हती.

आता पवित्र शास्त्राकडे येऊ. जुन्या लॅटिन बायबलमध्ये, ज्याला आपण वुल्गाता म्हणतो, लूकच्या शुभवर्तमानात एक जोडशब्द येतो: 'लेजिसपेरितुस'. नियमशास्त्राचा पेरितुस. आपल्या मराठी बायबलमध्ये तिथे 'शास्त्री' असतो. दहाव्या अध्यायात जो उठून प्रभू येशूची परीक्षा पाहतो आणि सार्वकालिक जीवनाबद्दल विचारतो, तो हाच लेजिसपेरितुस. त्याला उत्तर पाठ आहे. देवावर प्रीती, शेजाऱ्यावर प्रीती, सगळे तो अचूक म्हणून दाखवतो. प्रभूही त्याला 'बरोबर' म्हणतो. मग तो पुढचा प्रश्न विचारतो, माझा शेजारी कोण? आणि उत्तरादाखल येते ती दयाळू शोमरोनी माणसाची गोष्ट.

त्या गोष्टीत याजक आणि लेवी बाजूने निघून जातात आणि शोमरोनी थांबतो, हे रविवारच्या वर्गातली मुलेही सांगतात. पण 'पेरितुस'चा मूळ अर्थ मनात ठेवून ती पुन्हा वाचून पाहा. यरुशलेमहून यरिहोला उतरणारी ती वाट लुटारूंची. तिथे थांबणे म्हणजे पेरिकुलुम. शास्त्र्याला नियम माहीत आहे, पण त्या वाटेवर थांबून जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतण्याचा धोका घेतला तो ज्याला नियमशास्त्राचे कोणतेही प्रमाणपत्र मिळाले नसते अशा माणसाने. शब्दाच्या मूळ अर्थाने त्या गोष्टीतला पेरितुस कोण, हे वेगळे सांगायला नको. प्रभू शेवटी शास्त्र्याला आणखी एक व्याख्या देत नाही. जा आणि तसेच कर, असे सांगतो.

लूकच्याच अकराव्या अध्यायात प्रभूने या शास्त्र्यांना कडक शब्द ऐकवले आहेत. ज्ञानाची किल्ली तुम्ही काढून घेतली, स्वतः आत गेला नाहीत आणि जाणाऱ्यांनाही अडवले, हा त्या आरोपाचा गाभा. म्हणून शास्त्र वाचणाऱ्याला वाटू शकते की बायबलला जाणकारांचे वावडेच आहे. तसे मुळीच नाही. तीताला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी संत पौल जेनास नावाच्या एका शास्त्र्याला मोठ्या आस्थेने वाटेला लावायला सांगतो, त्याला काही उणे पडू देऊ नका म्हणतो. वुल्गातात तोही लेजिसपेरितुसच आहे. आणि करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात पौल स्वतःविषयी म्हणतो की मी भाषणात अनाडी असेन, पण ज्ञानात नाही. तिथे लॅटिनमध्ये 'इम्पेरितुस' आहे, पेरितुसच्या उलट. बोलण्यात इम्पेरितुस असलेल्या त्या माणसाने मंडळीची अर्धी ईशज्ञानाची भाषा घडवली.

ख्रिस्तसभेच्या इतिहासात बिशपाच्या मागे उभा असलेला जाणता माणूस अगदी आरंभापासून दिसतो. ३२५ साली निकेआची परिषद भरली, तेव्हा अलेक्झांड्रियाच्या बिशप अलेक्झांडर यांच्याबरोबर एक तरुण डीकन गेला होता, अथानासियस. परिषदेत मत देण्याचा अधिकार बिशपांचा. पण पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, या श्रद्धेसाठी नंतर आयुष्यभर लढला तो हा डीकन. पुढे तो स्वतः बिशप झाला आणि पाच वेळा हद्दपार झाला. सोळाव्या शतकात ट्रेंटच्या परिषदेत लाइनेस आणि साल्मेरोन हे दोन येशूसंघीय पोपचे ईशज्ञानी म्हणून बसले होते. म्हणजे प्रथा जुनी आहे. 'पेरितुस' हा शब्द मात्र सगळ्या जगाच्या तोंडी झाला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे.

ही परिषद ११ ऑक्टोबर १९६२ रोजी सुरू झाली आणि ८ डिसेंबर १९६५ रोजी संपली. संत पेत्राच्या महामंदिरात दोन हजारांहून अधिक बिशप बसत. ऑगस्ट १९६२मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी जी नियमावली लागू केली, तिच्यात पेरितींचे स्थान ठरवून दिले होते. त्यांची नेमणूक पोप करणार. त्यांनी सर्वसाधारण सभेला हजर राहायचे, पण विचारल्याशिवाय बोलायचे नाही. मतदान तर नाहीच. त्यांचे खरे काम आयोगांत, म्हणजे मजकुराचे मसुदे लिहिणे आणि दुरुस्त करणे. याशिवाय काही बिशपांनी स्वतःचे सल्लागार बरोबर आणले होते. ते सभागृहाबाहेर राहत, त्यांनाही लोक सैलपणे पेरिती म्हणत.

ऐकायला हे काम दुय्यम वाटते. पण त्याची रोजची तऱ्हा पाहा. बिशप मत देताना तीन प्रकारे देत. 'प्लासेत' म्हणजे मान्य, 'नॉन प्लासेत' म्हणजे अमान्य, आणि 'प्लासेत युक्स्ता मोदुम' म्हणजे अमुक दुरुस्तीसह मान्य. हा तिसरा प्रकार आला की दुरुस्तीची चिठ्ठी आलीच. एकेका दस्तऐवजावर शेकडो, कधी हजारो चिठ्ठ्या. त्या वाचायच्या, एकासारख्या एकत्र करायच्या, कोणती घ्यायची आणि कोणती का नाकारायची याचे उत्तर लॅटिनमध्ये तयार करायचे. हे सारे रात्री जागून करणारे हात पेरितींचे. आज आपण परिषदेचा दस्तऐवज उघडतो आणि एखादे वाक्य जरा लांबलचक, जोड दिल्यासारखे वाटते, तेव्हा त्यामागे अशा चिठ्ठ्यांचा ढीग आहे हे लक्षात घ्यावे.

महामंदिरातच कॉफीसाठी जागा केलेली होती आणि बिशपांनी तिला 'बार-योना' असे नाव दिले होते. प्रभूने पेत्राला ज्या नावाने हाक मारली ते बार्योना! मोठमोठे प्रश्न तिथे पेल्यावर बसून सुटत, असे म्हणतात. आम्हाला ही गोष्ट फार आवडते.

आता हे पेरिती होते कोण? फ्रान्सचे डॉमिनिकन फादर इव्ह काँगार यांना १९५४ साली वरिष्ठांनी पॅरिसमधल्या अध्यापनातून दूर केले होते. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनांच्या कैदेत वर्षानुवर्षे होते. येशूसंघाचे आंरी द ल्युबाक यांना १९५० साली शिकवण्यापासून थांबवले होते. अमेरिकेचे जॉन कोर्टनी मरे यांना धर्मस्वातंत्र्याविषयी लिहिणे बंद करावे लागले होते, आणि परिषदेच्या पहिल्या सत्राला त्यांना बोलावणेच नव्हते. काही वर्षांतच हे तिघेही पेरिती म्हणून परिषदेत काम करत होते. मरे ज्या विषयावर गप्प बसले होते, त्याच विषयावरची परिषदेची घोषणा ७ डिसेंबर १९६५ रोजी प्रसिद्ध झाली. द ल्युबाक १९८३ साली कार्डिनल झाले. काँगार १९९४ साली झाले, तेव्हा ते नव्वदीचे होते.

या माणसांनी गप्प बसवल्यावर काय केले, हे आम्हाला त्यांच्या विद्वत्तेहून मोलाचे वाटते. ते ख्रिस्तसभा सोडून गेले नाहीत. कडवटपणा त्यांना चुकला नाही, काँगार यांच्या रोजनिशीत तो भरपूर आहे. तरी त्यांनी अभ्यास चालू ठेवला. पेरितुस आणि पेरिकुलुम ही भावंडे आहेत हे त्यांच्याइतके कोणाला कळले असेल?

दुसऱ्या टोकाला एक अगदी तरुण प्राध्यापक होता. कलोनचे कार्डिनल फ्रिंग्स यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. परिषदेपूर्वी, नोव्हेंबर १९६१मध्ये, त्यांना जेनोआत एक व्याख्यान द्यायचे होते आणि ते लिहून दिले होते योसेफ रात्सिंगर यांनी. पुढे पोप जॉन यांनी कार्डिनलांना बोलावून घेतले. आता कानउघाडणी होणार अशा धास्तीने गेलेल्या कार्डिनलांना पोपनी मिठी मारली आणि सांगितले की मला जे म्हणायचे होते तेच तुम्ही बोललात, मला शब्द सापडत नव्हते. रात्सिंगर परिषदेत पेरितुस झाले तेव्हा पस्तिशीचे होते. फेब्रुवारी २०१३मध्ये, पोपपदावरून उतरण्याच्या काही दिवस आधी, सोळावे बेनेडिक्ट म्हणून त्यांनीच ही आठवण रोमच्या धर्मगुरूंना सांगितली. न दिसणारा वृद्ध मेंढपाळ आणि त्याला वाचून दाखवणारा तरुण, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. अधिकार एकाकडे, अभ्यास दुसऱ्याकडे, आणि दोघांना एकमेकांची गरज.

सगळे असे गोडीगुलाबीने चालले नाही हेही सांगायला हवे. काही पेरिती संध्याकाळी व्याख्याने देत, वर्तमानपत्रांना मुलाखती देत, गट बांधत. १९६३च्या अखेरीस त्यांच्यासाठी नव्याने ताकीद निघाली: विचारलेल्या प्रश्नाला ज्ञानाने आणि समंजसपणे उत्तर द्या, मतांचे गट बांधू नका, मुलाखती देऊ नका. ती कितपत पाळली गेली हा वेगळा विषय. बिशप निर्णय घेतात की त्यांचे प्राध्यापक, ही कुरबूर तेव्हाही होती आणि आजही काही जण करतात. आमचे मत विचाराल तर, मते शेवटी बिशपांनी दिली आणि सही पोपची होती. सल्ला मागणारा माणूस सल्ला देणाऱ्याचा गुलाम होत नाही. विचारायला लाजणारा मात्र बहुधा कोणाचा तरी होतो.

आता आपल्या पुण्याकडे. हैदराबादहून हुसेनसागर एक्स्प्रेसने मुंबईला जाताना पुणे लागते. तिथे नगर रस्त्यावर पेपल सेमिनरी, ज्ञानदीप विद्यापीठ आणि येशूसंघाचे डी नोबिली कॉलेज आहे. पोप तेराव्या लिओंनी श्रीलंकेत कँडीला सुरू केलेली सेमिनरी १९५५ साली पुण्याला आणली गेली. इथे ईशज्ञान शिकवणारे फादर जोसेफ नॉयनर हे परिषदेचे पेरितुस होते.

नॉयनर ऑस्ट्रियातल्या फेल्डकिर्खचे, जन्म १९०८चा. वयाच्या तिशीत ते भारतात आले. थोड्याच काळात युद्ध पेटले आणि जर्मन राज्याचा नागरिक म्हणून इंग्रज सरकारने त्यांना नजरकैदेच्या छावणीत टाकले. सुवार्तेसाठी घरदार सोडून आलेल्या तरुण धर्मगुरूला या देशाने पहिली ओळख काटेरी तारेआडून दिली. ते परत गेले नाहीत. १९५४ साली जर्मनीत काल्सेदोनच्या परिषदेवर एक मोठा अभ्यासग्रंथ निघाला, त्यात नॉयनर यांचा लेख आहे तो ख्रिस्ताचे रहस्य आणि भारतीय अवतारकल्पना यांच्याविषयी. बाकीचे विद्वान ग्रीक आणि सिरियन जगाविषयी लिहीत असताना पुण्याच्या या प्राध्यापकाने अवतार हा शब्द त्या चर्चेत आणून ठेवला.

परिषदेत त्यांचे नाव जोडले जाते ते विशेषतः 'नोस्त्रा एताते' या घोषणेशी, ख्रिस्तसभेच्या इतर धर्मांशी असलेल्या नात्यावरच्या दस्तऐवजाशी. तिच्यातल्या हिंदू धर्माविषयीच्या मजकुराच्या घडणीत त्यांचा हात होता. या घोषणेची सुरुवात खरे तर यहुदी लोकांच्या प्रश्नातून झाली. ज्यूल इझाक हे फ्रेंच यहुदी इतिहासकार जून १९६०मध्ये पोप जॉन यांना भेटले होते. मग आशियातल्या आणि अरब देशांतल्या बिशपांनी म्हटले, एकाच धर्माविषयी कसे बोलता? आम्ही ज्यांच्या शेजारी राहतो त्यांचे काय? शेवटी २८ ऑक्टोबर १९६५ रोजी घोषणा मंजूर झाली, २,२२१ मते बाजूने आणि ८८ विरुद्ध. परिषदेच्या दस्तऐवजांत ही सर्वांत छोटी आहे, तासाभरात दोनदा वाचून होते.

हिंदू धर्माविषयी तिच्यात जे आहे ते अगदी थोडक्यात आहे. लोक कथांतून आणि तत्त्वचिंतनातून दैवी रहस्याचे मनन करतात, आणि तपाने, ध्यानाने किंवा प्रेमाने व भरवशाने देवाकडे धाव घेऊन सुटका शोधतात, असा तिचा आशय. बाहेरून पाहणारा मूर्ती, उत्सव, जातिव्यवस्था यांविषयी लिहिता. इथे लिहिणाऱ्याला तप, ध्यान आणि भक्ती या तीन वाटा दिसल्या आहेत. या देशात दिवस काढल्याशिवाय आणि इथली पुस्तके उघडल्याशिवाय असे लिहिता येत नाही. आपल्या महाराष्ट्राला हे समजायला रोमची गरज नव्हती, असे कोणी म्हणेल. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. पण एका कवीने स्वतःचा अनुभव सांगणे आणि सार्वत्रिक परिषदेने तसे दार उघडणे यांत फरक आहे.

तिसरे सत्र संपून जेमतेम आठवडा झाला होता, तोच नोव्हेंबर १९६४च्या अखेरीस मुंबईत आंतरराष्ट्रीय युखरिस्त काँग्रेस भरली. कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस यजमान. पोप सहावे पॉल २ डिसेंबरला आले आणि इतर धर्मांच्या प्रतिनिधींना भेटताना त्यांनी उपनिषदातली प्रार्थना उच्चारली. त्याच दिवसांत मुंबईत ईशज्ञानी लोकांचे एक चर्चासत्र झाले, ख्रिस्ती प्रकटीकरण आणि जगातील धर्म या विषयावर. हान्स क्युंग त्यात होते, रायमुंदो पणीकर होते. तिथले निबंध पुढे पुस्तकरूपाने संपादित केले ते नॉयनर यांनी.

हैदराबादमध्ये राहणाऱ्या आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना या घोषणेचा तिसरा भागही जवळचा आहे, मुसलमानांविषयीचा. ते एकाच देवाची उपासना करतात, मरियेचा मान राखतात, जुने झगडे विसरून एकमेकांना समजून घ्यावे, असे तिथे सांगितले आहे. आमच्या घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि शेजारी दख्खनी उर्दू. पहाटेची अजान आणि गनफाउंड्रीच्या संत योसेफ कॅथेड्रलची घंटा एकाच शहराच्या हवेत मिसळतात. इस्लामचा अभ्यास करणारी हेन्री मार्टिन इन्स्टिट्यूट ही प्रॉटेस्टंट मंडळींची संस्था १९७१ साली लखनौहून इथे आली. तिथे काय चालते हे जाऊन पाहावे असे आम्ही तरुणांना नेहमी सुचवतो. शेजाऱ्याच्या धर्माविषयी फॉरवर्ड केलेल्या संदेशापेक्षा ती वाट लांब आहे, पण 'पेरितुस' शब्दाशी प्रामाणिक आहे.

आपल्या मराठीच्या संदर्भात एका माणसाची आठवण इथे यायला हवी. विल्यम केरी यांनी बंगालमध्ये बसून मराठी व्याकरण केले, नवा करार मराठीत आणला. या कामात त्यांचा आधार होते वैजनाथ पंडित. मुखपृष्ठावर मिशनऱ्याचे नाव आणि आत पंडिताची भाषा! परिषदेच्या पेरितींनाही असेच मागे राहावे लागले, तरी त्यांची नावे निदान यादीत आहेत. आपल्या भाषेत शुभवर्तमान आले त्या वाटेवरचे किती पंडित, किती मुनशी यादीतही नाहीत.

आजच्या धर्मनियमांत हा शब्द कुठे आहे हेही सांगतो. १९८३च्या संहितेत न्यायासनापुढच्या खटल्यांत पेरितींची मदत घेण्याची तरतूद आहे. विवाह अवैध ठरवण्याच्या प्रकरणात मानसोपचारतज्ज्ञाचे मत मागवतात ते याच नियमांनी. आणि १५७९वा नियम न्यायाधीशाला बजावतो की तज्ज्ञांचे निष्कर्ष कितीही एकमुखी असले तरी खटल्यातल्या बाकीच्या परिस्थितीचाही नीट विचार करावा. पण आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो तो २२८वा नियम. ज्ञान, समंजसपणा आणि सचोटी यांत उठून दिसणारे सामान्य प्रापंचिक लोक ख्रिस्तसभेच्या मेंढपाळांना पेरिती म्हणून किंवा सल्लागार म्हणून साहाय्य करू शकतात, असे तो सांगतो. स्त्री-पुरुष असा भेद त्यात नाही. तीन गुणांची ही यादी वाचली की काटोचा भला माणूस पुन्हा आठवतो.

परिषदेच्या वेळी हे इतके सोपे नव्हते. नोव्हेंबर १९६४मध्ये जगातल्या दारिद्र्यावर सभागृहात बोलायचे ठरले, तेव्हा त्या विषयातल्या जाणकार म्हणून बार्बरा वॉर या अर्थशास्त्रज्ञ बाईंचे नाव पुढे आले होते. त्यांना बोलू दिले नाही. त्यांच्याऐवजी जेम्स नॉरिस हे प्रापंचिक गृहस्थ लॅटिनमध्ये बोलले. आज आपल्या धर्मग्रामात जमाखर्च कळणारी बँकेतली ताई आहे, कायदा कळणारे निवृत्त कारकून आहेत, आजाऱ्यांजवळ बसण्याचा वर्षांचा सराव असलेल्या नर्स आहेत. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत त्यांना किती वेळा विचारले जाते? आणि विचारले तर 'माझे काय, फादर म्हणतील तसे' हे उत्तर किती वेळा येते? दोन्ही बाजूंनी थोडी हालचाल हवी आहे, असे आम्हाला वाटते.

नॉयनर यांच्याविषयी शेवटची गोष्ट राहिली. रोमला त्यांच्या ज्ञानाची गरज पडण्याआधी कोलकात्यातल्या एका बाईला ती पडली होती. १९६१च्या सुमारास त्यांनी मदर तेरेसांच्या सिस्टरांसाठी तपसाधना घेतली, आणि मदरनी त्यांच्यापाशी मन उघडे केले. कित्येक वर्षे प्रार्थनेत काहीच जाणवत नव्हते. जिच्यासाठी सगळे सोडले ती हाक ऐकू येईनाशी झाली होती. आत नुसता काळोख. इतक्या लोकांना देव दाखवणाऱ्या बाईला स्वतःला देव सापडत नव्हता, आणि बाहेर कोणाला याची कल्पना नव्हती.

अशा वेळी विद्वान माणूस बहुधा कारण शोधतो. काय चुकले, कोणते पाप, कोणता उपाय. नॉयनर यांनी सांगितले की यात तुमचा दोष नाही, आणि यावर माणसापाशी उपायही नाही. ख्रिस्ताचे असणे जाणवणे हाच त्याच्या असण्याचा एकमेव पुरावा नव्हे. देवासाठी तुमची जी तळमळ आहे तीच तो आत असल्याची खूण आहे. ज्यांना कोणी नाही, ज्यांना देवानेही टाकले असे वाटते, त्यांच्यात तुम्ही काम करता. हा काळोख त्या कामाचाच आतला भाग आहे. मदरनी पुढे त्यांना लिहिले की या अकरा वर्षांत पहिल्यांदाच आपल्याला हा काळोख प्रिय वाटू लागला आहे. काळोख गेला नाही. तो शेवटपर्यंत राहिला. पण त्याच्याबरोबर कसे राहायचे ते कळले.

ही पत्रे २००७ साली पुस्तकरूपाने आली आणि जगभर चर्चा झाली. नॉयनर तेव्हा पुण्यातच होते, शंभरीला टेकलेले. जॅक द्युप्वी यांच्याबरोबर त्यांनी संपादित केलेला ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीच्या दस्तऐवजांचा जाडजूड संग्रह १९७३ साली प्रथम निघाला. सेमिनरीत शिकलेल्या कोणत्याही धर्मगुरूला विचारा, 'नॉयनर-द्युप्वी' म्हणताच ते पुस्तक त्यांच्या डोळ्यांपुढे येईल. ३ डिसेंबर २००९ रोजी, संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाच्या दिवशी, वयाच्या १०१व्या वर्षी फादर नॉयनर पुण्यात प्रभूघरी गेले.